इंजिनिअरिंग प्रवेश: कॉलेज आधी की ब्रँच? पसंतीक्रम कसा लावावा?

बार्शीची_लेक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

लेकीची इंजिनिअरिंग प्रवेशाची सीईटी झाली. पीसीएम ग्रुपला ९४ पर्सेंटाइल आलेत. आम्ही बार्शीचे, पण तिने अकरावी-बारावी लातूरला केली. ओबीसीतून फॉर्म भरलाय, नॉन-क्रिमीलेयर काढून ठेवलंय, जात वैधताही हातात आहे. उत्पन्न आठ लाखांच्या आत.

घरात दोन तट पडलेत. तिच्या बाबांचं म्हणणं, पुण्यात कॉम्प्युटर मिळतंय ना, मग कॉलेज कुठलंही असो. मला वाटतं कऱ्हाडचं सरकारी कॉलेज घ्यावं, इलेक्ट्रिकल किंवा सिव्हिल मिळालं तरी. लेकीला विचारलं तर म्हणते, "तुमचं ठरलं की सांगा." भाचा म्हणतो पहिल्या पसंतीला हमखास मिळेल असं काहीतरी टाका, म्हणजे सीट हातात राहील. आणि एक काउन्सेलर पसंतीक्रम भरून द्यायचे वीस हजार मागतोय.

अनुभवी लोकांनी कृपया सांगा. आणि हो, "तिच्या आवडीचं करू द्या" एवढंच लिहू नका. ते मलाही कळतं.

हडपसरकर

शेवटच्या वाक्याला दंडवत :)

काउन्सेलरला वीस हजार देऊ नका. त्याच्याकडे जे आहे ते सगळं सीईटी सेलच्या (राज्याची प्रवेश यंत्रणा) साइटवर फुकट आहे. गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ घ्या, रविवारी दुपारी घरातली सगळी बसा, काम होतं. त्या पैशात वसतिगृहाचं डिपॉझिट निघेल.

मुक्काम_पोस्ट_नांदेड

ताई, पीडीएफ बघताना तुम्ही कुठला स्तंभ बघताय हे आधी सांगा. निम्मे पालक तिथेच फसतात.

होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी कुठून झाली त्यावर, राहायला कुठे आहात त्यावर नाही. तुम्ही बार्शीच्या, म्हणजे सोलापूर विद्यापीठ. पण मुलीची बारावी लातूरची, म्हणून तिची होम युनिव्हर्सिटी नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ. लातूर पॅटर्नच्या नादात सोलापूर, धाराशिव, बीडची कितीतरी लेकरं लातूरला येतात आणि ही गोष्ट कुणाच्या ध्यानीमनी नसते.

आता त्या पीडीएफमधली अक्षरं. 'जीओबीसीएच' असं काहीतरी दिसेल. पहिलं जी म्हणजे जनरल, एल असेल तर मुलींची राखीव जागा. मधे प्रवर्ग. शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातले, एस म्हणजे राज्यस्तर. खाजगी कॉलेजात साधारण ७० टक्के जागा एचला, ३० टक्के ओला. तुमच्या मुलीला पुण्याच्या खाजगी कॉलेजात 'एलओबीसीओ' आणि 'जीओबीसीओ' हे दोन स्तंभ बघायचेत. एच बघून "अरे, इथे तर सहज लागतंय" म्हणाला असाल तर सगळा हिशोब परत मांडा.

कऱ्हाडचं मात्र वेगळं. सरकारी स्वायत्त कॉलेज आहे, तिथे शेवटी एस दिसेल. बारावी लातूरची की गडचिरोलीची, काही फरक पडत नाही. सांगलीच्या वालचंदलाही तसंच.

आकड्यांत वर दिसतो तो गुणवत्ता क्रमांक आणि खाली कंसात पर्सेंटाइल. ताळा करताना क्रमांकावर जा. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या दरवर्षी बदलते, त्यामुळे ९४ पर्सेंटाइलचा क्रमांकही दरवर्षी वेगळा येतो.

बार्शीची_लेक

अगं बाई! आम्ही एचच बघत होतो. आजच बसते परत. खूप आभार.

टपरीवरचा_चहा

भाच्याचा सल्ला जुन्या काळचा आहे. यंदा तो पाळलात तर मुलगी अडकेल.

२०२५-२६ पासून कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) चार फेऱ्या केल्यात आणि त्यात आपोआप फ्रीझचा, म्हणजे मिळालेली जागा आपोआप पक्की होण्याचा, नियम कडक केलाय. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काही मिळालं तर घ्यावंच लागतं, तिसरीत पहिल्या सहापैकी. चौथीत जे मिळेल ते अंतिम. बंधनकारक असलेली जागा नाकारली की पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर.

म्हणजे 'हमखास मिळेल' असं कॉलेज एक नंबरला टाकलंत तर ते पहिल्याच फेरीत मिळणार आणि विषय तिथेच संपणार. मग नव्वद हजारांपुढच्या क्रमांकाच्या मुलाला मिळतं ते कॉलेज ९४ वाल्या मुलीने घेतल्यासारखं होईल.

दुसरं, यादी वरून खाली तपासली जाते. वर मोठं कॉलेज मागितलं म्हणून खालचं हातचं जात नाही. प्रत्येक ओळीला फक्त एवढंच पाहतात, या जागेवर हिच्यापेक्षा वरच्या क्रमांकाचं कुणी आहे का. नसेल तर जागा तिची. तेव्हा 'आपल्याला कुठे पुण्याचं नामांकित सीओईपी मिळणार' म्हणून ते न टाकण्यात काहीच फायदा नाही. टाका. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. लोक बारा भरतात आणि मग चौथ्या फेरीनंतर संस्था स्तरावरच्या जागांसाठी दारोदार फिरतात.

प्रत्येक फेरीआधी क्रम बदलता येतो. दुसऱ्या फेरीआधी पहिल्या तीन ओळींकडे परत नीट बघा, तिसरीआधी पहिल्या सहा.

कोल्हापुरी_झणका

नियम झाले, आता मुद्द्याचं बोलू. मी बाबांच्या बाजूने.

कऱ्हाड चांगलंच आहे, १९६० सालचं कॉलेज, वाद नाही. पण पोरगीला इलेक्ट्रिकलची आवड आहे असं कुठंच लिहिलेलं नाही. चार वर्षं मशीनच्या लॅबमध्ये काढून शेवटी टीसीएसच्याच परीक्षेला बसायचं असेल तर सरळ कॉम्प्युटर का नको? पुण्यात राहिलं की इंटर्नशिप, हॅकेथॉन, मीटअप सगळं पायाखाली. कऱ्हाडात काय, कृष्णाबाईचा घाट आणि भडंग.

सांजवारा

@कोल्हापुरी_झणका, भडंगाला नावं ठेवू नका, बाकी ठेवा.

मी हिंजवडीत आहे, फ्रेशर्सच्या मुलाखती घेते. माझं मत तुमच्या उलट आहे, आणि ते बायोडेटा बघून बघून झालेलं आहे. २०२४-२५ पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) ठरावीक निकष पाळणाऱ्या कॉलेजांवरची प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा काढली. त्यानंतर कॉम्प्युटर आणि त्याची चुलत भावंडं (एआय-एमएल, डेटा सायन्स, सायबर, आयओटी) यांच्या तुकड्यांवर तुकड्या निघाल्या. शिकवणारे तेवढे आणायचे कुठून? परवा एका मुलाला विचारलं, ऑपरेटिंग सिस्टिम कुणी शिकवलं? म्हणाला, "तीन सर झाले मॅडम, एका सेमिस्टरमध्ये."

त्यामुळे 'पुण्यात कॉम्प्युटर, कॉलेज कुठलंही' यातला दुसरा भाग मला भयंकर वाटतो. बऱ्या कॉलेजातलं कॉम्प्युटर मिळत असेल तर जरूर घ्या. नसेल तर जुन्या सरकारी कॉलेजातली ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) किंवा इलेक्ट्रिकल केव्हाही बरी. तिथून आयटीत येणाऱ्या मुली आम्ही घेतो, आणि त्यांचं गणित बहुधा पक्कं असतं. शिवाय महापारेषण, महावितरणचे दरवाजे इलेक्ट्रिकलला उघडे राहतात, ते कॉम्प्युटरवाल्यांना तसे नाहीत.

कॉलेज बघायला जाल तेव्हा प्लेसमेंटच्या फ्लेक्सवरचं सर्वांत मोठं पॅकेज वाचू नका. विचारायचं ते असं: या ब्रँचची किती मुलं शेवटच्या वर्षाला होती, त्यातली किती बसली, किती लागली, आणि मधल्या मुलाला किती मिळाले. चौथ्या प्रश्नाला प्लेसमेंट ऑफिसर पाणी मागवतो. नॅकचं मानांकन आख्ख्या कॉलेजचं असतं, एनबीएचं त्या त्या ब्रँचचं. गेटवरच्या पाटीवर 'एनबीए मानांकित' असेल तर कुठल्या ब्रँचला ते विचारा. आणि रविवारी जाऊ नका. कामाच्या दिवशी जा, गेटबाहेरच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाची पोरं गाठा. ती सगळं सांगतात, न विचारलेलंही.

नवखा_पालक

धागा हायजॅक करत नाही, एकच शंका. मुलगा आत्ता अकरावीत आहे, व्हीजेएनटी (विमुक्त-भटक्या जमाती) प्रवर्गातला. जात वैधता कधी काढायची? लोक म्हणतात अर्ज केल्याची पावती चालते.

अबोली

@नवखा_पालक, पावतीवर काही वर्षी शासनाने मुदत वाढवून दिली हे खरं. पण त्या भरवशावर बसू नका. मुदतीत वैधता दिली नाही तर राखीव जागा जाते आणि मुलगा खुल्या प्रवर्गात मोजला जातो. बारावी सुरू झाली की कॉलेजच्या पत्रासह जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज टाकून मोकळे व्हा. कागद गोळा करायला आजच लागा.

आमचा अनुभव सांगते. व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो (ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७, एससीला १० ऑगस्ट १९५०). आमच्या ह्यांचा दाखला १९७९ चा, त्याचा उपयोग नाही. सासऱ्यांचा दाखला कधीच हरवलेला. मग त्यांच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो. मुख्याध्यापक बाईंनी कपाटाच्या वरच्या फळीवरून जनरल रजिस्टर काढलं. कापडी पाठीचं, पानं कडेने वाळवीने खाल्लेली, दौतीच्या शाईत बारीक अक्षर. सासऱ्यांचं नाव सापडेना, कारण शाळेत त्यांचं नाव वेगळंच घातलं होतं. शेवटी वडिलांचं नाव आणि गावचा पाडा यावरून ओळ सापडली. जातीच्या रकान्यात जमातीचं नाव आमच्या आजच्या दाखल्यापेक्षा एका काना-मात्रेने वेगळं. त्या काना-मात्रेसाठी प्रतिज्ञापत्र, आत्याच्या शाळेचा उतारा आणि वंशावळ एवढं जोडावं लागलं.

म्हणून आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कोण कुठल्या शाळेत गेलं होतं. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाची वैधता झाली असेल तर तिची प्रत सोन्यासारखी जपा, निम्मं काम तिथेच होतं.

नॉन-क्रिमीलेयरचं लक्षात ठेवा: ते प्रवेशाच्या वर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं. दोन वर्षांपूर्वी काढलेलं फाइलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहिलात तर ऐन जूनमध्ये सेतूच्या रांगेत उभे राहाल, आणि जूनमध्ये त्या रांगेत आख्खा तालुका असतो.

नवखा_पालक

बापरे. आजच आजोबांच्या मागे लागतो. मनापासून धन्यवाद.

वऱ्हाडी_भाऊ

पैशाचं कोणी बोलूनच नाही राहिलं.

ताई, तुमच्या मुलीचं शिक्षण शुल्क माफ आहे, हे धरून चाला. जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे: आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. कॅपमधून प्रवेश पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतला तर हा लाभ गेला. बाबांना सांगा, पुण्यात कोट्यातून कॉम्प्युटर घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या.

माफ होत नाही ते म्हणजे डेव्हलपमेंट फी, वसतिगृह, मेस, डिपॉझिट. माझ्या पुतणीच्या कॉलेजात (नाव नाही घेत) प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर आख्खी फी मागितली, "महाडीबीटीचे आले की परत देऊ" म्हणाले (महाडीबीटी म्हणजे शिष्यवृत्ती-फीमाफीचं शासकीय पोर्टल). शासन निर्णयाची प्रत सोबत होती, ती पुढे सरकवली, मग साहेबाला फोन झाला आणि उरलेल्याच रकमेची पावती फाडली. तुम्हीपण प्रत छापून न्या. तोंडी सांगून कोणी ऐकत नाही.

महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी नव्याने नूतनीकरण करावा लागतो. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते जोडणं बँकेत जाऊन नीट करा. खात्याला आधार 'लिंक' असणं वेगळं, डीबीटीसाठी सीडिंग होणं (शासनाचे पैसे त्याच खात्यात यावेत अशी नोंद) वेगळं. पुतणीचा हप्ता आईच्या नावच्या बंद खात्याच्या भानगडीत महिनोन्महिने लटकला होता.

टीएफडब्ल्यूएस म्हणून एक प्रकार यादीत दिसेल, कोडच्या शेवटी टी असतो. फी माफीच्या पाच टक्के जादा जागा. पण तिथे कॉलेज-ब्रँच नंतर बदलून मिळत नाही आणि कटऑफही वर असतो. तुम्हाला तसंही माफ आहे, तर त्याच्या मागे लागू नका.

हडपसरकर

+१. पुण्यात आलीच तर खर्च फीचा नाही, राहण्याचा. कॉट बेसिसवर खोली घेतली की डिपॉझिट, भाडं, मेस, लाइट बिल, शिवाय काकूंचे नियम फुकट. पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती लक्षात ठेवा. १९५५ पासूनची संस्था आहे, ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी वसतिगृहं चालवते. अर्ज, मुलाखत, सगळं वेळेत करावं लागतं. तिथे स्वतःची कामं स्वतः करावी लागतात, हे मुलीला आधीच सांगा.

रिकामटेकडा

मी लातूर पॅटर्नचाच माल. २०१६ ला सरकारी कॉलेजात गेलो. कॉलेज-ब्रँचच्या भांडणात एक गोष्ट राहून जातेय.

लातूरला दोन वर्षं आपण पहाटे उठतो कारण कुणीतरी उठवतं. सराव परीक्षा कुणीतरी घेतं, घरी फोन कुणीतरी करतं. इंजिनिअरिंगला पहिल्याच आठवड्यात कळतं, तुम्ही तासाला बसलात काय, टपरीवर बसलात काय, विचारणारं कुणी नाही. माझ्या खोलीतला, बारावीला आमच्या सगळ्यांच्या पुढे असलेला मुलगा एम-वन मध्ये उडाला. एम-वन म्हणजे गणित! ज्याच्यात त्याला सीईटीला जवळपास पैकीच्या पैकी. एमसीक्यूची सवय, पानभर पायऱ्या लिहायची नाही. म्हणून पहिल्या सेमिस्टरला कागदावर लिहून सोडवायचा सराव ठेवायला सांगा, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

ड्रॉइंगच्या शीटची जीटी सगळे मारतात. काचेखाली दिवा, वर मित्राची शीट, तिच्यावर आपली, आणि रात्रभर ट्रेसिंग. मजा असते, मी काही साधुसंत नाही. पण ऑर्थोग्राफिकची पहिली दोन शीटं स्वतः काढली नाहीत तर परीक्षेत बोर्डासमोर पेन्सिल घेऊन नुसतं बसून राहावं लागतं.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका. माझी दहावी मराठीतून. पहिले दोन महिने व्हायव्हात घशाला कोरड पडायची. एक मॅडम म्हणाल्या, मराठीत सांग, मग त्याचंच इंग्रजी कर. तसं करत करत जमलं. एआयसीटीईने २०२१-२२ पासून भारतीय भाषांत इंजिनिअरिंगला परवानगी दिलीय, पण मुलाखती इंग्रजीतच होतात हे ध्यानात ठेवा.

एखादी केटी लागली (विषय राहिला) तर जग बुडत नाही. चार साचल्या की इयर डाउनची, म्हणजे वर्ष वाया जायची, भीती. तेव्हा पहिल्या केटीला घरी ओरडू नका, नाहीतर दुसरी तुम्हाला कळणारच नाही.

सांजवारा

शेवटचं वाक्य पालकांनी फ्रिजवर चिकटवा.

@बार्शीची_लेक, मुलगी "तुमचं ठरलं की सांगा" म्हणते ते मला वेगळं ऐकू आलं. तुम्ही दोघं भांडताय आणि तिला कुणाचीच बाजू घ्यायची नाहीये. लॉगिन तिच्या हातात द्या, तुम्ही दोघं दुसऱ्या खोलीत जा.

कोल्हापुरी_झणका

हे पटलं. माझं मत मागे घेत नाही, पण हे पटलं.

बार्शीची_लेक

अपडेट देते. काल रात्री लॉगिन तिला दिलं आणि आम्ही दोघं गच्चीवर जाऊन बसलो. तासाभराने खाली आलो तर वहीत यादी तयार. तिने म्हणे लातूरच्या मैत्रिणीच्या बहिणीशी बोलून महिनाभर आधीच विचार करून ठेवला होता, आम्हालाच पत्ता नाही!

वर सीओईपीच्या तीन ब्रँच टाकल्यात (मिळणार नाहीत हे तिलाही माहीत आहे), मग वालचंद, मग कऱ्हाडचं आयटी, ईअँडटीसी, इलेक्ट्रिकल या क्रमाने. त्याखाली पुण्यातली चार खाजगी कॉलेजं कॉम्प्युटरसाठी, आणि मग पुढे लांबलचक यादी. सिव्हिल कुठेच नाही. विचारलं तर म्हणाली, "आई, तुझ्या डोक्यात सरकारी नोकरी आहे, माझ्या नाही." बाबा खूश, मी अर्धी खूश.

ओ स्तंभ लावून बघितलं तर पुण्यातली दोन कॉलेजं यादीतून खाली सरकली, तिनेच सरकवली. शासन निर्णयाची प्रत छापून फाइलला लावलीय. कऱ्हाडला मुलींच्या वसतिगृहातल्या मेसचं जेवण कसं आहे कुणाला माहीत आहे का?

टपरीवरचा_चहा

यादी झकास. फक्त दुसऱ्या फेरीआधी एकदा बघा: पहिल्या तिन्ही ओळी सीओईपीच्या असतील तर दुसऱ्या फेरीत काही बंधनकारक होणार नाही, म्हणजे तिसरीपर्यंत हात मोकळा. तिसऱ्या फेरीच्या वेळी पहिल्या सहात जे असेल ते तिला नक्की हवंय ना, एवढं विचारून घ्या. फेरीत जागा मिळाली आणि वरच्यासाठी थांबायचं असेल तरी जागास्वीकृतीचे हजार रुपये मुदतीत भरायचे, ते विसरलं की सगळं मुसळ केरात.

कोल्हापुरी_झणका

मेस म्हणजे मेस. पण कऱ्हाडात आहे, भाकरी मिळेल. भडंग मी पाठवतो.

डिप्लोमाधारी

वाचतोय. माझा पॉलिटेक्निकचा शेवटचा पेपर झाला, ८४ टक्के पडतील असं वाटतंय. डायरेक्ट सेकंड इयरला हेच सगळे नियम लागू होतात का?

मुक्काम_पोस्ट_नांदेड

@डिप्लोमाधारी, नाही, त्याची प्रक्रिया वेगळी, सीईटी नाही, डिप्लोमाच्या गुणांवर यादी लागते. वेगळा धागा काढा आणि शीर्षकात 'डिप्लोमा' शब्द घाला. इथे लिहिलं तर चार दिवसांत भडंगाखाली गाडलं जाईल.